चौसष्ट घरांत नऊच!

आमच्या सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं. आबांचा पट अजून घरात आहे, परवा पुतण्यानं त्यावर शाळूचे दाणे मांडायला घेतले, पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट दुप्पट. ती राजाची गोष्ट माहितीच आहे सगळ्यांना. दहाव्या घराला ५१२ झाले आणि वहिनी ओरडली, भाकरीचा शाळू होता तो!

पण मला गंमत वाटते ती एका घरातल्या दाण्यांची नाही, तिथपर्यंतच्या बेरजेची. दोन घरांना ३, तीनला ७, चारला १५, पाचला ३१. यातले ३, ७, ३१ मूळ संख्या, १५ नाही. का? चार घरं जोडीजोडीनं बघा, १+२ म्हणजे ३, मग ४+८ म्हणजे १२, परत तिनाच्याच पाढ्यात. घरं अशी जोड्यांत, तिकड्यांत सारखी वाटता आली की बेरजेला भाग जाणारच, म्हणून घरांचा आकडा स्वतःच मूळ लागतो. तेवढ्यानं पण भागत नाही, ११ घरांना २०४७ येतात आणि ते निघतात २३ गुणिले ८९. अख्ख्या पटावर जमतात ती नऊच घरं: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१.

मेरसेन नावाच्या फ्रेंच साधूनं १६४४ मध्ये अशी यादी छापली होती. त्यात गडी ६१ विसरला आणि पटाबाहेरचं ६७ घुसवलं! तरी या संख्यांना नाव त्याचंच. (नशीब असतं एकेकाचं.) ६७ घरांच्या बेरजेचे दोन तुकडे कोल नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९०३ मध्ये दाखवले, १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७.

आता माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणजे हाच खेळ, फक्त पट १३,६२,७९,८४१ घरांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांटनं ती शोधली, ग्राफिक्स कार्डं जुंपून. ४,१०,२४,३२० अंकी आहे. पानाला तीन हजार अंक धरले तरी साडेतेरा हजारांवर पानं जातील.

एवढ्या संख्येला भागून कोण बघणार? कुणीच नाही, तिथं ल्यूका-लेमर चाचणी लावतात. ४ पासून सुरू, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, परत तेच. घरांपेक्षा दोन कमी वेळा करायचं, शेवटी शून्य उरलं तर मूळ. पाच घरं, म्हणजे ३१ घेऊ: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. झालं! त्या मोठ्या संख्येला हेच साडेतेरा कोटींवर वेळा करायचं, म्हणून तर मशीन लागतं.

पुतण्यानं सात घरांचं, १२७ चं, वहीच्या मागच्या पानावर केलं, १४, ६७, ४२, १११ आणि मग शून्य. आता तेराच्या मागं लागलाय, शाळू कधीच डब्यात गेला.