मोहोर आणि फळ : खरा विश्वास ओळखण्याच्या कसोटीची पार्श्वभूमी

‘त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल’ हे येशूचं वचन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरच्या माणसाविषयी ऐकू येतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात मात्र तिथे विषय चालू आहे खोट्या संदेष्ट्यांचा, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांचा. म्हणजे कसोटी आधी शिकवणाऱ्याला लागते, आणि चार ओळींनंतर ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला. भावाच्या डोळ्यातलं कुसळ तर त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येऊन गेलेलं असतं.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे वचन कसं वापरलं, ते ‘दिदाखे’ या छोट्या नियमावलीत दिसतं. ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचं हस्तलिखित 1873 मध्ये फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं. त्या आरंभीच्या काळात प्रेषित आणि संदेष्टे गावोगाव फिरत. दारात उभा राहिलेला खरा की खोटा, हे ठरवायचं कसं? पाहुण्यानं एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, ज्याची चाल प्रभूसारखी तोच संदेष्टा. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. गरीब माणसांनी आपल्या उंबरठ्यावर बसून, भाकरी आणि पैसा यांच्याकडे बघत ही कसोटी घडवली.

सोळाव्या शतकात प्रश्नाचा रोख बदलला. तारण केवळ विश्वासानं, असं जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर सांगत होते. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे म्हणणाऱ्या, नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राला त्यांनी 1522 मध्ये गवताच्या काडीची उपमा दिली. तरी ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेचं निवेदन असलेल्या 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचं सहावं कलम विश्वासानं चांगली फळं दिलीच पाहिजेत, असंच सांगतं. फळामुळे झाड चांगलं होत नाही, चांगलं आहे हे कळतं, एवढंच.

आज साक्ष, पश्चात्ताप, बदललेलं जीवन असे शब्द आपण ज्या अर्थानं वापरतो, त्याचा एक मोठा धागा मात्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावी जातो. तिथले पाळक जोनाथन एडवर्ड्स. 1734-35 मध्ये त्या गावात संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, आलं. सहा महिन्यांत 300 हून अधिक लोकांचं परिवर्तन झालं, असा खुद्द एडवर्ड्स यांचा अंदाज होता. मग जून 1735 मध्ये त्यांच्या मावशीच्या यजमानांनी, तारणाच्या चिंतेनं खचून, स्वतःचा गळा कापून घेतला. लाट ओसरली. 1740 नंतर ती पुन्हा उसळली, या वेळी रडणं, ओरडणं, कोसळणं यांसकट. मार्च 1743 मध्ये अमेरिकेतल्याच न्यू लंडनला जेम्स डॅव्हनपोर्ट या उपदेशकानं धर्मग्रंथांची होळी केली. पुढच्याच वर्षी त्यानं चूक जाहीरपणे कबूल केली.

हे सगळं पाहिल्यावर 1746 मध्ये एडवर्ड्स यांनी धार्मिक भावनांवर मोठा ग्रंथ लिहिला. आधी त्यांनी बारा गोष्टी बाजूला काढल्या, ज्यांवरून होय किंवा नाही काहीच ठरत नाही: भावना उत्कट आहेत, शरीर थरथरतं, तोंडात देवाच्याच गोष्टी आहेत, वचनं आपोआप आठवतात. मग बारा खऱ्या खुणा सांगितल्या. त्यांतली शेवटची म्हणजे आचरण, आणि सर्वांत जास्त पानं तिलाच. संजीवनाच्या काळातले लोक त्यांना वसंतातल्या बहरासारखे वाटत: फुलं अमाप, पण बरीचशी गळतात. मोहोर म्हणजे आंबा नव्हे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1750 मध्ये मंडळीनं त्यांना काढून टाकलं. विश्वासाची खरी कबुली दिल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत सहभाग, नाही, हा त्यांचा आग्रह लोकांना सोसला नाही.

पण तीच कसोटी त्यांनाही लागते, आणि ती टाळणं मला जमणार नाही. 1731 मध्ये एडवर्ड्स यांनी न्यूपोर्ट बंदरात व्हीनस नावाची सुमारे चौदा वर्षांची मुलगी 80 पौंडांना विकत घेतली होती. प्रीती, ममता, सौम्यता या आत्म्याच्या फळाविषयी त्यांच्याइतकं खोल फार थोड्यांनी लिहिलं, आणि त्यांच्याच घरात गुलाम राबत होते. त्यांच्या घरी राहून शिकलेले सॅम्युएल हॉपकिन्स पुढे त्याच न्यूपोर्टला पाळक झाले. गुलामांच्या व्यापारावर जगणाऱ्या त्या गावात त्यांनी व्यासपीठावरून त्याविरुद्ध उपदेश केला आणि 1776 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली. गुरूला न दिसलेलं शिष्यानं गुरूच्याच कसोटीनं पाहिलं.

हॉपकिन्स यांच्या विचारांची छाप असलेल्या अँडोव्हरच्या सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. म्हणजे ही कसोटी जहाजातून आपल्याकडे आली. इथे तिला वेगळाच सूर लागला, कारण नव्या ख्रिस्ती माणसाकडे गाव संशयानं बघत होतं: भाकरीसाठी बाटला की मनापासून? फळ दाखवण्याचं ओझं त्या माणसाच्या डोक्यावर रोजचं होतं, मिशनऱ्याच्या डोक्यावर तेवढं नाही. हा अन्याय होता, असं मला वाटतं.

हा खरा विश्वास की नुसत्या भावना, हा नॉर्दॅम्प्टनचा प्रश्न जसाच्या तसा 1905 मध्ये पुण्याजवळच्या केडगावला उभा राहिला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्यानं रडत, तासन्‌तास प्रार्थना करत. यांतल्या कितीतरी जणींना रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलं होतं. पाहणाऱ्यांत मतभेद झाले. त्याच आवारात अंध मुलींची शाळा चालत होती, शेती होती, विणकाम होतं. गटागटानं मुली आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जात होत्या. छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल 1924 मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी, तिथूनच छापून बाहेर पडलं.