ट्रॉम्बोन वृंद, प्राध्यापकांचा

विद्यापीठांत ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवून स्वर बदलायचे पितळी फुंकवाद्य) शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी मिळून चालवलेला वाद्यवृंद. प्रथा मुख्यतः अमेरिकेतली. तिथल्या संगीत विभागात ट्रॉम्बोनचा शिक्षक बहुधा एकच असतो, त्यामुळे चौघांचा संच करायचा तर चार गावचे चौघे जमवावे लागतात. वर्षभर वेगळे आणि कार्यक्रमाआधी दोन-तीन दिवस तालीम, असा त्यांचा शिरस्ता. बहुतेक अडचणींचे मूळही तेच. वादकाचे कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे तिथे बढतीच्या वेळी संशोधनासारखी विचारात घेतली जातात, म्हणून हा उद्योग निव्वळ हौसेचा नसतो.

नुसत्या ट्रॉम्बोनचा मेळ ही कल्पना मात्र विद्यापीठांहून जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७५४ पासून ती जपली. पंथातील कोणी वारले की उंचावरून ट्रॉम्बोन वाजवून ते गावाला कळवत. बेथोव्हनने १८१२ मध्ये लिंत्स येथे मृतात्म्यांच्या स्मरणदिनासाठी चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना केल्या. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरच्या १८४७ मधल्या दोन रचना तीन ट्रॉम्बोनसाठी आहेत. अमेरिकी विद्यापीठांत हे रुजले त्यात रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत १९२२ ते १९७१ शिकवणाऱ्या एमरी रेमिंग्टन यांचा वाटा मोठा. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रॉम्बोन संघटना निघाली आणि एरवी एकेकटे शिकवणाऱ्यांना भेटायला जागा झाली.

नेहमीचा संच तीन टेनर (मधल्या पट्टीचे) आणि एक बास (खालच्या पट्टीचा) असा. जुन्या रचनांत वरच्या भागासाठी टेनरहून उंच पट्टीचा अल्टो घेतात. टेनरची नळी सुमारे २.७ मीटर, स्लाइडच्या (सरकत्या नळीच्या) सात पोझिशन: पहिलीत स्लाइड पूर्ण आत, पुढची प्रत्येक अर्ध्या स्वराने खाली. वाद्यवृंदी टेनरच्या नळीचा आतला व्यास साधारण १३.९ मिलिमीटर, जॅझच्या वाद्याचा १२.७. एकाने बारीक नळीचे वाद्य आणले की त्याचा आवाज उरलेल्या तिघांतून टोचत राहतो. हे निमंत्रण देतानाच ठरवलेले बरे.

खरी कसोटी सुरांची. पेटीचे स्वर पक्के, ट्रॉम्बोनचे व्हायोलिनसारखे मोकळे. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटतो. तो पेटीच्या गांधारापेक्षा १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने, उतरलेला असतो. ट्रॉम्बोनच्या मेजर कॉर्डमध्ये (सा-ग-प एकत्र वाजतात त्या मेळात) तिसरा स्वर, म्हणजे गांधार, तिथेच बसवायचा असतो. पहिल्या पोझिशनजवळ त्यासाठी स्लाइड सुमारे १ सेंटीमीटर बाहेर न्यावी लागते, लांबच्या पोझिशनला आणखी थोडी जास्त.

मधला बी-फ्लॅट सा मानून त्यावरचा डी, म्हणजे त्याचा गांधार, लावून पाहावा. डी ट्यूनरप्रमाणे (सूर मोजणाऱ्या यंत्राप्रमाणे, म्हणजे पेटीच्या सुरात) ठेवला तर सेकंदाला सुमारे ९ ठोके पडावेत तशी थरथर ऐकू येते. १४ सेंट खाली आणला की थरथर थांबते आणि दोन सप्तके खालचा बी-फ्लॅट कोणी वाजवत नसताना गुंजू लागतो. गंमत अशी की, पहिल्या पोझिशनचा हा डी मुळातच उतरता असतो. कॉर्डमध्ये तो आयता जुळतो. पण तोच डी मूळ स्वर झाला किंवा पियानोबरोबर वाजवायचा आला की उतरलेला लागतो, आणि स्लाइड तर आधीच पूर्ण आत असते. उपाय दोन: तो चौथ्या पोझिशनला वाजवणे, किंवा मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सबंध वाद्याचा सूर लावायची वेगळी सरकनळी) आधीच किंचित आत ठेवून पहिली पोझिशन थोडी बाहेर धरणे. चौघांपैकी कोण काय करतो हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या दिशेने सरकतो आणि कॉर्ड हलतच राहते. शिक्षकांच्या संचात हे फार होते. समोरच्याचा सूर दुरुस्त करायची त्यांना सवयच असते.

हवेचाही हिशेब धरावा लागतो. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की सूर सुमारे ३ सेंट चढतो. गार सभागृहात लांब विश्रांतीनंतर वाजवणारा हमखास उतरतो. म्हणून विश्रांतीतही नळीत हलकेच, आवाज न करता फुंकत राहतात. स्ट्रेट म्यूट (वाद्याच्या रुंद तोंडात बसवायचे, आवाज दाबणारे बूच) लावल्यावर सूर बहुधा चढतो.

सुरांखालोखाल जिभेचा प्रश्न. स्लाइड सरकताना हवा चालू राहिली तर मींड ऐकू येते, म्हणून सलग ओळीतही बहुतेक स्वरांना हलका जिभेचा स्पर्श द्यावा लागतो. तो कोणी ‘दा’ असा देतो, कोणी ‘ला’ असा. आपला उच्चार प्रत्येकाने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवलेला असतो, त्यामुळे तो बदलायला मन तयार होत नाही. व्यवहार्य तोडगा असा की, ज्याच्याकडे मुख्य सुरावट, त्याचा उच्चार. स्वर कुठे तोडायचा हे मात्र मात्रा मोजून लिहूनच ठेवावे. सुरुवात एकत्र झाली तरी शेवट विस्कटतो, आणि श्रोत्याला तोच आधी जाणवतो. एका भागाला एकच वादक असल्याने आळीपाळीने चोरून श्वास घेता येत नाही. श्वासाच्या जागाही स्वरलिपीत खुणेने नोंदतात.

तालमीची सुरुवात संथ कोरालने (चर्चमधील सामुदायिक स्तोत्राने) करतात. कॉर्ड लावताना आधी बास, मग पाचवा स्वर (पंचम), तिसरा सर्वांत शेवटी. बास सगळ्यांत जोरात आणि वरचा भाग त्याहून हलका ठेवला की मेळ बसतो. नवखे नेमके उलटे करतात. तासाभराच्या कार्यक्रमात पहिल्या भागाच्या वादकाचे ओठ थकतात, म्हणून पहिला आणि दुसरा जागा बदलून वाजवतात.

बैठक कमानीसारखी. सातव्या पोझिशनला स्लाइड सुमारे ६० सेंटीमीटर पुढे जाते, म्हणून स्टँड थोडा डावीकडे आणि खाली ठेवतात. स्टँड उंच असला तर बेल (वाद्याचे रुंद तोंड) कागदावर रोखली जाते: वादकाला आपला आवाज मोठा वाटतो आणि सभागृहात तो पोचतच नाही.