मिनिएचर की स्टँडर्ड डॅशहुंड: घेताना आणि सांभाळताना महाग कोण पडतो?

डॅशहुंड जातीचा कुत्रा घरी आणायचा विचार सुरू झाला की लहान चणीचा मिनिएचर घ्यायचा की मोठा स्टँडर्ड हा प्रश्न येतोच, आणि त्याला लागूनच खर्चाचा. इथे दोन उलट समजुती ऐकायला मिळतात. मिनिएचर लहान, खाणार कमी, म्हणून सांभाळायला स्वस्त, ही एक. दुसरी अशी की मिनिएचरच्या पिल्लालाच जास्त पैसे मोजावे लागतात, म्हणजे पुढेही तो महागच पडणार. मला या दोन्ही समजुतींची काळजी वाटते, कारण दोन्हींत माणूस वजनकाट्याकडे बघत राहतो आणि कुत्र्याच्या पाठीकडे त्याचं लक्ष जात नाही. या जातीतला सगळ्यात मोठा खर्च पाठीचा, आणि तो ५ किलोच्या कुत्र्यासाठी आणि १० किलोच्या कुत्र्यासाठी जवळपास सारखाच येतो.

मिनिएचर म्हणजे नेमका कोण?

ही जात जर्मनीत घडली. बिळात शिरून तिथे राहणाऱ्या बॅजर या जनावराला भिडणारा तो मोठा कुत्रा, आणि सशासारख्या लहान शिकारीसाठी निवडून निवडून लहान केलेला तो मिनिएचर. शरीराची ठेवण दोघांची एकच: लांब पाठ, आखूड पाय, खोल छाती.

मोजमापाचे नियम मात्र देशागणिक वेगळे आहेत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा अमेरिकन केनेल क्लब दोघांना एकच जात मानतो. वर्षाचा झाल्यावर ११ पौंड, म्हणजे साधारण ५ किलो किंवा त्याहून कमी भरला तर तो मिनिएचर, आणि १६ ते ३२ पौंडांत, म्हणजे सुमारे ७ ते १४.५ किलोत बसला तर स्टँडर्ड. मधल्या वजनाच्या कुत्र्यांना तिथले लोक बोलताना 'ट्वीनी' म्हणतात. अधिकृत वर्ग असा काही नाही. ब्रिटनचा केनेल क्लब दोन आकार आणि तीन प्रकारचे केस धरून सहा वेगवेगळ्या जाती नोंदवतो. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना वजनाऐवजी छातीचा घेर टेपने मोजते, तेही कुत्रा किमान १५ महिन्यांचा झाल्यावर, आणि मिनिएचरच्याही खाली 'रॅबिट' हा तिसरा आकार मानते.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे. मोजणी होते ती कुत्रा मोठा झाल्यावर, आणि आपण पैसे देतो ते आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लासाठी. म्हणजे विकताना सांगितलेला 'मिनिएचर' हा अंदाज असतो. आई-बाप दोघेही ५ किलोच्या आत असतील तर तो अंदाज भरवशाचा. नुसत्या फोटोवर विसंबला असेल तर त्याला काही आधार नाही. म्हणून मिनिएचर म्हणून जास्त रक्कम मागितली जात असेल तर आईला प्रत्यक्ष बघा, तिचं वजन विचारा, बाप दुसरीकडचा असेल तर त्याची नोंदणीची कागदपत्रं मागा. 'टॉय' किंवा 'टीकप' डॅशहुंड म्हणून कुणी आणखी चढी किंमत सांगत असेल तर तिथून निघून यावं. या नावांचा कोणताही मान्य वर्ग नाही, आणि असं पिल्लू पुष्कळदा अशक्त किंवा आईपासून फार लवकर तोडलेलं असतं.

विकत घेताना

पिल्लाच्या किमतीत मिनिएचर बहुधा वर असतो. मागणी हे एक कारण. दुसरं कारण ब्रीडरच्या, म्हणजे पैदास करणाऱ्याच्या, हिशेबातलं आहे: लहान चणीच्या मादीला एका वेतात पिल्लं कमी होतात, आणि तिच्या तपासण्या, सोनोग्राफी, वेळ आली तर सिझेरियन, पिल्लांचं पहिलं लसीकरण हा सगळा खर्च मग थोड्याच पिल्लांवर वाटला जातो. यात गैर काही नाही. चांगल्या ब्रीडरकडची जास्त किंमत मला खटकत नाही, फक्त ती कशासाठी आहे हे त्याला सांगता आलं पाहिजे.

कशासाठी असावी? तर तपासण्यांसाठी, आणि इथे दोन आकारांत खरा फरक आहे. मिनिएचरमध्ये, विशेषतः लांब केसांच्या मिनिएचरमध्ये, दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक दोष आढळतो. खरखरीत केसांच्या मिनिएचरमध्ये लाफोरा नावाचा अपस्माराचा एक प्रकार आहे. तो मध्यम वयात उमटतो, तोवर कुत्रा अगदी धडधाकट दिसतो. दोन्हींसाठी डीएनए चाचण्या आहेत आणि आई-बापाची जोडी नीट निवडली तर आजारी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. लाफोरा झालेल्या कुत्र्याच्या आयुष्यभराच्या औषधांपुढे या चाचणीचा खर्च किरकोळ आहे. स्टँडर्ड घेणाऱ्याने पाठीच्या एक्स-रेबद्दल विचारावं. उत्तर युरोपातल्या काही देशांत पैदाशीच्या डॅशहुंडांचा दोन ते चार वर्षं वयात मणक्यांचा एक्स-रे काढतात आणि मणक्यांमधल्या किती गादीसारख्या चकत्यांत कॅल्शियम साचलंय ते मोजतात. हे मिनिएचरच्या ब्रीडरलाही विचारायला हवंच.

रंगासाठी मात्र जास्त पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. ठिपकेदार 'डॅपल' पिल्लं सुंदर दिसतात यात वाद नाही. पण डॅपल नर आणि डॅपल मादी एकत्र आणली की प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता असते की त्याला डॅपलचं जनुक दोन्हीकडून मिळेल, आणि अशी 'डबल डॅपल' पिल्लं अनेकदा डोळ्यांत किंवा कानांत दोष घेऊन जन्मतात. पांढऱ्या मोठ्या पट्ट्यांचं 'दुर्मीळ' पिल्लू म्हणून हेच जास्त भावाने विकलं जातं. निळसर किंवा 'इसाबेला', म्हणजे फिकट तपकिरी, रंगाच्या कुत्र्यांत पुढे केस विरळ होणं आणि कातडीचे संसर्ग होणं हा त्रास दिसतो. जास्त पैसे देऊन आपण कातडीच्या डॉक्टरकडे जायची सोय करून घेत असतो.

दर महिन्याचा खर्च

डॅशहुंड साधारण १२ ते १६ वर्षं जगतो. १४ वर्षं धरली तरी १६८ महिने झाले. पिल्लू घेताना मिनिएचर आणि स्टँडर्ड यांच्या किमतीत जो फरक असेल त्याला १६८ ने भागून बघा, त्याचं ओझं किती उरतं ते कळेल.

खाण्यापासून सुरुवात करू. कुत्रा वजनाने दुप्पट झाला म्हणून दुप्पट खात नाही. विश्रांतीत असताना शरीराला दिवसाला किती ऊर्जा लागते याचं पशुवैद्यांचं नेहमीचं सूत्र आहे: वजनाचा ०.७५ हा घात, गुणिले ७०. त्यानुसार ५ किलोच्या कुत्र्याला सुमारे २३४ आणि १० किलोच्या कुत्र्याला सुमारे ३९४ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी हा आकडा १.६ ने गुणतात, म्हणजे सुमारे ३७५ आणि ६३०. स्टँडर्डचं खाणं मिनिएचरच्या पावणेदोन पटीच्याही आतच राहतं. खाण्यात मिनिएचर स्वस्त आहे हे खरं, पण दोघंही लहान कुत्रे असल्यामुळे बचतीची रक्कमही लहानच.

लसीत तर फरकच नाही. डोस वजनावर ठरत नाही, दोघांना एकच. गोचीड-पिसवांच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांनुसार मिळतात, आणि साडेचार किलोचा मिनिएचर व ९ किलोचा स्टँडर्ड पुष्कळदा एकाच टप्प्यात, एकाच किमतीच्या गोळीत बसतात. नेलकटर, डॉक्टरांची फी, कुत्र्याची पाण्याची वाटी यांचं तेच.

केसांचा प्रकार आकारापेक्षा जास्त खर्च ठरवतो. गुळगुळीत केसांच्या कुत्र्याला ओलं फडकं आणि रबरी ब्रश पुरतो. लांब केसांच्याला कानामागे आणि मांड्यांवर गुंते होतात, त्यामुळे आठवड्यातून काही वेळा विंचरणं आलं. खरखरीत केसांच्या डॅशहुंडाचे मेलेले केस हाताने उपटून काढावे लागतात. हे जमणारा ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांच्या केसांची निगा राखणारा, शोधावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. मशीन फिरवलं तर केसांचा पोत मऊ पडत जातो.

दातांवर एरवी कुणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम. डॅशहुंडाचा जबडा लांब आणि अरुंद. मिनिएचरच्या तोंडात दातांची दाटी आणखी. वरच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला हिरडी सडत गेली की तोंड आणि नाक यांच्यात भोक पडतं, आणि ही तक्रार या जातीत चांगलीच माहितीची आहे. कुत्रा एका नाकपुडीने शिंकत राहतो आणि घरचे सर्दी समजून बसतात. दात साफ करायला पूर्ण भूल द्यावी लागते, ती मिनिएचरला वारंवार लागण्याची शक्यता जास्त. खाण्यात वाचलेले पैसे बऱ्याच घरांत इथे जातात. रोज ब्रश करण्याची सवय पिल्लूपणीच लावली तर हा खर्च खूप कमी होतो.

पाठ

डॅशहुंडाचे पाय आखूड असतात ते एका वाढीच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रतीमुळे. तीच गोष्ट मणक्यांमधल्या चकत्यांनाही लागते. एरवी जेलीसारखा असणारा चकतीचा गाभा या कुत्र्यांत पहिल्या वर्ष-दीड वर्षातच कडक होऊ लागतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं, आणि एक दिवस तो वर फुटून मज्जारज्जूवर दाबतो. वय साधारण तीन ते सात वर्षं, म्हणजे कुत्रा ऐन भरात असताना.

मिनिएचर हलका म्हणून सुरक्षित, असं यावर लोक म्हणतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली डॅशहुंड मालकांकडून माहिती घेऊन मोठी पाहणी झाली. तिच्यात या आजाराचं सर्वांत जास्त प्रमाण गुळगुळीत केसांच्या स्टँडर्डमध्ये दिसलं, साधारण चारातल्या एका कुत्र्यात. आणि सर्वांत कमी खरखरीत केसांच्या स्टँडर्डमध्ये. दोन्ही टोकांना स्टँडर्डच, मिनिएचर मधे कुठेतरी. आकार बघून पाठीचा धोका ठरवता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत धोका जास्त असल्याचा संबंधही त्याच पाहणीत दिसला, म्हणून नसबंदीची वेळ पशुवैद्याशी बोलून ठरवावी.

आता खर्च. नुसती पाठदुखी असेल, चाल थोडी डगमगत असेल तर चार ते सहा आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे लहान पिंजऱ्यात, सक्तीची विश्रांती आणि औषधं, एवढ्यावर पुष्कळ कुत्रे बरे होतात. त्यात पैशांपेक्षा संयम खर्च होतो. मागचे पाय लुळे पडले तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन, मणक्याची शस्त्रक्रिया, काही दिवस रुग्णालय, मग व्यायाम आणि फिजिओथेरपी. स्कॅनची फी किलोवर ठरत नाही, सर्जनची फीही नाही. भूलीच्या औषधात थोडा फरक पडेल, बाकी बिल तेच. हे एक बिल पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतं. शिवाय वेळ हातात नसतो. पायाच्या बोटाला जोरात चिमटा घेतल्यावर कुत्र्याला वेदना कळत असेल तोवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात; ती वेदना कळेनाशी झाली की ही आशा निम्म्यावर येते. पैसे जमवायला दोन आठवडे मिळत नाहीत. म्हणून ही तजवीज पिल्लू घरी येण्याआधी झालेली हवी.

विमा घेणार असाल तर पहिल्याच महिन्यात घ्या. एकदा पाठदुखीची नोंद डॉक्टरांच्या कागदावर आली की तो 'आधीपासूनचा आजार' ठरतो आणि बहुतेक विमा कंपन्या त्याचे पैसे देत नाहीत. पॉलिसीत मणक्याच्या चकतीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ किती, वेगळी मर्यादा आहे का, फिजिओथेरपी धरली आहे का, या तीन ओळी नीट वाचाव्यात. विमा नसेल तर दर महिन्याला तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला हात लावू नये.

घरातल्या तयारीत मात्र मिनिएचरला थोडं जास्तच जपावं लागतं. सोफ्याची उंची दोघांना सारखीच, पण मिनिएचरचे पाय आणखी आखूड, म्हणजे त्याच्यासाठी तीच उडी मोठी. रॅम्प, जिन्याला फाटक, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस, हे एकदाच करायचे खर्च आहेत आणि मला ते सगळ्यात चांगले वाटतात. वजनाचंही तसंच. एक किलो चढला तर १० किलोच्या कुत्र्याचं वजन दहा टक्के वाढलं, ५ किलोच्या कुत्र्याचं वीस टक्के. ४० किलोकॅलरींचं एक बिस्कीट मिनिएचरच्या दिवसभराच्या गरजेचा दहावा भाग ओलांडतं. उलट स्टँडर्ड लुळा पडला तर ११-१२ किलोच्या कुत्र्याला दिवसातून चार-पाच वेळा उचलून बाहेर नेणं एकट्या माणसाला जड जातं; तिथे मिनिएचर सोपा.

ज्यांना आकाराची खात्री आणि पाठीचा थोडा तरी अंदाज हवा आहे, त्यांनी मोठा झालेला, बेघर पडलेला डॅशहुंड घेण्याचा विचार जरूर करावा. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचं वजन काट्यावर दिसतं, तो मिनिएचर आहे की मधला हे कुणाच्या शब्दावर सोडावं लागत नाही, दात बघता येतात, आणि घरी आणण्याआधी मणक्यांचा एक्स-रेही काढून घेता येतो. दत्तक शुल्क बहुधा पिल्लाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी असतं. वाचलेली रक्कम त्याच दिवशी पाठीच्या खात्यात टाकावी.