लाईट गेली की सोलर का थांबतं? फोन करण्याआधी एवढं वाचा

वळवाचा पाऊस सुरू झाला की आमचा फोन दिवसभर वाजत असतो. "पाऊस उघडला, ऊनही पडलं, पण लाईट नाही म्हणून सोलरही बंद. असं कसं?" कराड आणि आसपासच्या गावांत आम्ही ज्यांच्याकडे सिस्टीम बसवली, त्यांतल्या बहुतेकांनी हे एकदा तरी विचारलंय.

मशीन बिघडलेलं नसतं. ते मुद्दाम थांबतं. पूर्वी वीज एकाच दिशेने यायची: कोयनेहून, चंद्रपूरहून उपकेंद्रात, तिथून गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आणि मग घरात. आता दुपारी तुमच्या छतावरची जास्तीची वीज उलट लाईनवर जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते. नेट मीटर दोन्हीकडचे युनिट मोजतो, तो यासाठीच. आता समजा, वायरमन लाईन बंद करून खांबावर चढलाय आणि तुमच्या छतावरून वीज येतेच आहे. ती डीपीतून उलटी गेली तर पलीकडच्या तारांवर ११ हजार व्होल्ट येऊ शकतात. म्हणून पुरवठा गेल्याबरोबर सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं मशीन, लाईनपासून सुटा होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांतच ही अट आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही ही सेटिंग बदलून देत नाही, देणार नाही.

लाईट आली की इन्व्हर्टर आधी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तपासतो आणि काही मिनिटांत आपोआप सुरू होतो. तुम्हाला काहीच करायचं नसतं.

खरी अडचण पुढे आहे. विजा चमकायला लागल्या की घरातलं कुणीतरी इन्व्हर्टरशेजारच्या डब्यातला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडतं. पाडायला हरकत नाही. पण नंतर तो वर करायचा राहून जातो. आठवड्याने ॲपवर शून्य दिसतं, फोन येतो, आमचा माणूस तीस किलोमीटर येतो आणि एक खटका वर करून परत जातो. ३ किलोवॅटची सिस्टीम चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देते. आठवडाभर बंद राहिली तर ८० च्या आसपास युनिट गेले. ते तुमचेच. त्यामुळे फोन करण्याआधी डबा उघडून खटका वर आहे ना, तेवढं बघा. वर करूनही पुन्हा पडत असेल तर हात लावू नका, आम्हाला लगेच कळवा.

घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर किंवा जनरेटर सोलरच्या लाईनला कधीही जोडू नका. सोलर त्यालाच वीज कंपनीची लाईन समजून सुरू होऊ शकतं, आणि मग त्याच्यात उलटी वीज शिरून तो जळू शकतो.

लाईट असूनही भर दुपारी मशीन थांबत असेल आणि पडद्यावर ओव्हर व्होल्टेज दिसत असेल, तर फोटो काढून पाठवा. एका डीपीवर बरीच छतं झाली आणि वापर कमी असला की व्होल्टेज चढतं. आपली वायर आम्ही तपासतो. दोष लाईनचा निघाला तर वीज कंपनीकडे द्यायचा अर्ज लिहून देतो.

लाईट गेल्यावरही पंखे, दिवे, फ्रीज चालू हवे असतील तर हायब्रीड, म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतलं ३ किलोवॅटचं ७८ हजारांचं अनुदान छतावरच्या सोलरच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं काही नाही. म्हणून दिवसाला अर्धा तास लाईट जाणाऱ्या घराला आम्ही बॅटरी सुचवत नाही. तुमच्याकडे तासन्‌तास जात असेल तर वर्षभराची बिलं घेऊन दुकानात या. किती बॅटरी पुरेल, हे हिशेब करून सांगतो; त्याचे पैसे घेत नाही.