मिटिंग कुठे असते? दारू सोडणाऱ्यांचे गट एकमेकांना कसे सापडत गेले

दारू सोडायची म्हणून पहिल्यांदा मिटिंग शोधणाऱ्याला वाटतं की कुठेतरी मोठं ऑफिस असेल, फॉर्म भरायचा, फी भरायची, मग नाव लागेल. तसलं काही नसतं. कुठल्यातरी शाळेची किंवा चर्चची खोली, आठवड्यातला ठरलेला वार, तास-दीड तास, आडनाव कुणी विचारत नाही आणि दारात ‘या, बसा’ म्हणणारा माणूस स्वतःच एके काळचा पिणारा असतो. हे असं का झालं ते कळलं तर नवीन माणसाची भीती बरीच कमी होईल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांची संघटना, सगळे ए.ए.च म्हणतात) खूप आधीची आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला नेहमी एकत्र पिणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि दर आठवड्याला जमून आपापली कहाणी सांगायला लागले, त्यातून वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ देशभर पसरली. पण पुढे दारूबंदीचा कायदा हवा की नको, राजकारण, सभा, भाषणं यात ती गुंतत गेली आणि काही वर्षांतच विरली. पिणारा माणूस मदत मागायला आला आणि तिथे वादच चालू असले तर तो थांबेल कशाला?

मग १९३५. बिल विल्सन, न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, पाचेक महिने सोबर, म्हणजे दारूपासून लांब. या काळात त्याने किती पिणाऱ्यांना समजावलं, त्यातला एकही टिकला नाही, पण त्या धडपडीत तो स्वतः मात्र टिकला. मे महिन्यात कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनला गेला, व्यवहार फसला, हॉटेलच्या लॉबीत एकटा, शेजारच्या बारमधून गप्पांचा आवाज येतोय. त्याने काय केलं तर चर्चची यादी बघून फोन लावला आणि बोलायला एखादा पिणारा माणूस मिळेल का असं विचारलं! एकाकडून दुसऱ्याकडे असं करत तो पोचला डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत. डॉक्टर पंधरा मिनिटं बसायला आले होते, बोलणं कित्येक तास चाललं. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५, तोच ए.ए.चा स्थापना दिवस धरतात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की मिटिंगचा हा पहिला शोध एका सोबर माणसाने स्वतः टिकून राहायला घेतला होता. म्हणून आजही नवीन माणूस दारातून आत आला की जुन्यांना खरंच बरं वाटतं, ते उपकार करत नसतात.

सुरुवातीच्या मिटिंगा घरातच व्हायच्या, आणि ज्याला ते घर माहीत त्यालाच त्या सापडायच्या. १९३९ मध्ये ए.ए.चं पुस्तक आलं, त्यात न्यूयॉर्कच्या पोस्ट बॉक्सचा पत्ता दिला होता, मग पत्रं यायला लागली. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या पेपरात लेखमाला आली आणि तिथल्या छोट्याशा गटावर मदत मागणाऱ्यांची इतकी रीघ लागली की काही आठवड्यांपूर्वीच दारू सोडलेल्या लोकांना नवीन माणसांकडे पाठवावं लागलं. एकेका नवख्यामागे एक जुना मेंबर, ही स्पॉन्सरची पद्धत खरी रुजली ती या गर्दीत. १ मार्च १९४१ ला सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात मोठा लेख आला आणि दोनेक हजार मेंबर होते ते वर्षअखेरीला आठ हजारांवर गेले. मग शहराशहरात फोन उचलणारी, मिटिंगांची यादी ठेवणारी ऑफिसं निघाली.

एक गोष्ट मात्र या इतिहासातही पहिल्यापासून आहे आणि ती टाळू नये. डॉ. बॉब पेशंटला आधी हॉस्पिटलात ठेवायचे, मिटिंग नंतर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, तेव्हा डॉक्टरला विचारूनच थांबायचं.

नियम ठरले ते अनुभवातून. १९५० मध्ये बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या: मेंबर व्हायला फक्त दारू सोडायची इच्छा पुरे, बाहेरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही, बाहेरच्या वादात पडायचं नाही, पेपर-रेडिओत नाव द्यायचं नाही. ओपन मिटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं, क्लोज्ड मिटिंग मात्र फक्त ज्यांना दारूचा प्रॉब्लेम आहे त्यांची, त्यामुळे जायच्या आधी कुठली ते बघून घ्या. घरच्यांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू झालं, बिलची बायको लोइस त्यात पुढे होती, कारण पिणाऱ्याच्या घरातला माणूसही आतून पार थकलेला असतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

ए.ए.तला देवाचा उल्लेख ज्यांना जड जातो त्यांच्यासाठी आणि इतरांसाठीही पुढे वेगळे गट निघाले, बायकांसाठी १९७५ मध्ये विमेन फॉर सोब्रायटी, १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये खोल्या बंद झाल्या आणि मिटिंगा मोठ्या प्रमाणात व्हिडिओ कॉलवर गेल्या, त्यातल्या कित्येक अजून चालू आहेत. त्यामुळे आता रात्री दोन वाजता तलफ आली तरी जगात कुठेतरी कुणाची तरी मिटिंग चालू असते, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसलं तरी चालतं.