साका कार्बाइडमुळे होत नाही

हापूस कापला की कोयीभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर निघतो. तो साका. मग ठरलेला शेरा येतो, ‘कार्बाइडनं पिकवलाय!’ कार्बाइड वाईटच, त्यावर बंदीही आहे. पण या गुन्ह्यात ते निर्दोष आहे. पेंढ्याच्या अढीत पिकवलेल्या आंब्यातही साका निघतो. तो कीड नाही, बुरशीही नाही, म्हणून फवारणीने जात नाही.

मूळ हापूसच्या वाणातच आहे. फळ झाडावर असतानाच कोय जणू रुजण्याची तयारी करू लागते आणि भोवतालचा गर नीट पिकत नाही. तापलेल्या जमिनीची झळ हे वाढवते. म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करतात आणि फळ चौदा आणे तयार झाले की उतरवतात. त्याने साका कमी होतो, संपत नाही.

आनुवंशिकतेचा पुरावा वेंगुर्ल्यात आहे. नीलम आणि हापूसच्या संकरातून तिथे तयार झालेला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 साली आणलेला ‘रत्ना’ त्याच कोकणच्या उन्हात पिकतो, आणि त्यात साका नसतो. चव हापूसची नाही, हे मात्र कबूल.