वारा फिरला की रक्तदाब चढतो

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्युप्लिन आणि सॅम्पसन या शेजारशेजारच्या काउंट्यांत माणसांपेक्षा डुकरं कितीतरी पट जास्त आहेत. लांबलचक शेड, फटी ठेवलेली जमीन. मलमूत्र फटींतून खाली पडतं आणि पाइपांतून शेडमागच्या उघड्या तळ्यात जातं. तिथे त्याला लॅगून म्हणतात. गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे हे तळं बरेचदा चक्क गुलाबी दिसतं. तळाशी ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू मैला कुजवताना मिथेन आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अमोनियाही हवेत जातोच. तळं भरत आलं की तेच पाणी मोठ्या फवाऱ्यांनी लगतच्या शेतांवर उडवतात. खत म्हणून, असं म्हणायचं. वारा असेल तर तुषार शेजाऱ्यांच्या अंगणात.

डुकरं मांस विकणाऱ्या कंपनीची, शेड आणि शेडचं कर्ज शेतकऱ्याचं, घाणही त्याचीच. आपल्याकडे कंपनीशी करार करून ब्रॉयलर पाळणाऱ्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

‘वासानं काय होतंय? गावात राहायचं तर वास येणारच,’ हे उत्तर शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं. स्टीव्ह विंग या साथरोगतज्ज्ञानं ते तपासायचं ठरवलं. त्याच्या गटानं अशा फार्मांजवळच्या १६ वस्त्यांतल्या १०१ जणांना, धूम्रपान न करणाऱ्यांना, साधं काम दिलं: सुमारे दोन आठवडे, दिवसातून दोनदा, घराबाहेर दहा मिनिटं बसायचं, वास किती येतोय ते लिहायचं आणि यंत्रानं स्वतःचा रक्तदाब मोजायचा. वस्तीतल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड वेगळी उपकरणं नोंदवत होती. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. वास उग्र असे तेव्हा रक्तदाबाचा खालचा आकडा चढलेला. हवेत हायड्रोजन सल्फाइड वाढला की वरचा. वाढ थोडीच होती, हे खरं. पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या वेळच्या आकड्यांशी होती, त्यामुळे ‘यांना आधीपासूनच बीपी असेल’ म्हणून झटकता येत नाही. आणि हा वास वर्षातून एकदा येणारा नव्हे.

विंगनं आधीच दाखवलं होतं की हे फार्म गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती जास्त दाटलेत. माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे ते हेच.

जून १९९५ मध्ये एका लॅगूनचा बांध फुटला आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर मैलापाणी न्यू नदीकडे वाहत गेलं; मासे मेले. १९९७ मध्ये राज्यानं नव्या लॅगूनवर बंदी घातली. जुनी तशीच राहिली. २०१८ मध्ये शेजाऱ्यांनी कोर्टात कंपनीविरुद्ध काही दावे जिंकले. त्याच वर्षी विधिमंडळानं कायदा बदलला: असा दावा करायचा तर फार्म सुरू झाल्यापासून किंवा त्यात मूलभूत बदल झाल्यापासून एका वर्षाच्या आत. आता त्या काउंट्यांतली बहुतेक लॅगून तर १९९७ च्या आधीचीच आहेत.